कोॲक्सवर छापलेले ५० ओहम १ किलोहर्ट्झला २८२ कसे होतात?

मापनवेडा

नमस्कार मंडळी. आरजी-५८ या कोॲक्स केबलची (मध्ये तार, भोवती शिल्ड) १०० मीटरची गुंडाळी इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रोध मोजणाऱ्या एलसीआर मीटरला लावून तिचा कॅरॅक्टरिस्टिक इंपिडन्स, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या लाटेचं व्होल्टेज भागिले करंट, काढला आहे. पुढे त्याला नुसतं झेड-नॉट म्हणतो. पद्धत नेहमीचीच: दूरचं टोक उघडं ठेवून एक वाचन, तेच टोक शॉर्ट करून दुसरं, मग दोन्हींचा गुणाकार आणि त्याचं वर्गमूळ. १ किलोहर्ट्झला शॉर्टचं वाचन ५.० ओहम, उघड्या टोकाचं १०.० नॅनोफॅरड. त्यावरून आलेले आकडे असे:

१०० हर्ट्झ: ८९२ ओहम, कोन −४५°
१ किलोहर्ट्झ: २८२ ओहम, कोन −४४°
१० किलोहर्ट्झ: ९२ ओहम, कोन −३५°
१०० किलोहर्ट्झ: ५४ ओहम, कोन −८°

केबलच्या अंगावर ५० छापलंय. मग चूक कुठे आहे? मीटरमध्ये, केबलमध्ये की हिशेबात?

निखळ_ओहम

कुठेच नाही. तुमचे आकडे इतके नीट बसताहेत की शिकवायला वापरावेत.

पूर्ण सूत्र आठवा. झेड-नॉट म्हणजे (आर + जे ओमेगा एल) भागिले (जी + जे ओमेगा सी), आणि या सगळ्याचं वर्गमूळ. आर म्हणजे रोध, एल इंडक्टन्स, जी इन्सुलेशनमधली गळती, सी कपॅसिटन्स, हे चारही दर मीटरचे; ओमेगा म्हणजे २ पाय गुणिले वारंवारता, आणि जे म्हणजे ९०° चा कोन. वारंवारता वाढली की ओमेगा-एल हा आरपेक्षा कितीतरी मोठा होतो, ओमेगा-सी जीपेक्षा मोठा होतो, आर आणि जी हिशेबातून गळतात आणि उरतं एल भागिले सीचं वर्गमूळ. केबलवर छापलेले ५० ओहम हेच आहेत, म्हणजे फक्त वरच्या टोकाची किंमत.

खाली आलं की उलटं होतं. तुमच्या केबलचा जाऊन-येऊन रोध मीटरला ०.०५ ओहम आहे, कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड, इंडक्टन्स २५० नॅनोहेन्रीच्या थोडा वर. १ किलोहर्ट्झला ओमेगा-एल येतो २ मिलिओहमच्याही आत आणि त्याच्यासमोर रोध आहे ५० मिलिओहम. म्हणजे इंडक्टन्स असून नसल्यासारखा. मग झेड-नॉट होतो आर भागिले ओमेगा-सीचं वर्गमूळ, आणि कोन −४५°. मांडून बघा: ०.०५ भागिले ६.२८ गुणिले १० चा उणे सातवा घात, म्हणजे सुमारे ७९,६००. त्याचं वर्गमूळ २८२.

या भागात वारंवारता दसपट कमी केली की झेड-नॉट √१०, म्हणजे ३.१६ पट वाढतो. तुमचे १०० हर्ट्झचे ८९२ म्हणजे २८२ ची बरोबर ३.१६ पट.

धागेदोरे

एक प्रश्न. म्हणजे कमी वारंवारता म्हणायची तरी कशाला? २० किलोहर्ट्झच्या खाली, असा काही नियम आहे का? आणि डीसीला हा इंपिडन्स अनंत होतो का?

निखळ_ओहम

ठरलेला आकडा नाही, प्रत्येक केबलचा वळणबिंदू वेगळा असतो. रोध भागिले (२ पाय गुणिले इंडक्टन्स) इतका. आरजी-५८चा ३० किलोहर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या दसपट वर गेलात की छापलेली किंमत बिनधास्त वापरा, दशांशाच्या खाली आलात की एलला विसरा. मधल्या पट्ट्यात पूर्ण सूत्राला पर्याय नाही. मापनवेडांची १० आणि १०० किलोहर्ट्झची वाचनं याच मधल्या पट्ट्यातली.

डीसीला अनंत होत नाही. तिथे जी जागा होतो आणि झेड-नॉट होतो आर भागिले जीचं वर्गमूळ, तोही निव्वळ रोध, कोन शून्य. पॉलिथिलिनचा इन्सुलेशन रोध १,००० मेगओहम-किलोमीटर धरला तरी आरजी-५८ला हा आकडा येतो सव्वादोन लाख ओहमच्या जवळ. मात्र जीचा अंमल सुरू व्हायला मिलिहर्ट्झपर्यंत खाली उतरावं लागतं, म्हणून व्यवहारात तो कुणाला दिसत नाही. जुनी, पाणी शिरलेली कागदी इन्सुलेशनची केबल असेल तर गोष्ट वेगळी.

मापनवेडा

पटलं. फक्त १०० किलोहर्ट्झला २५० नॅनोहेन्री धरून ५१ यायला हवेत, माझे ५४ येतात. हे तीन ओहम कुठले?

निखळ_ओहम

चांगलं पकडलंत. २५० नॅनोहेन्री ही वरच्या वारंवारतेची किंमत, तेव्हा करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. तांब्यात स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून किती खोल जातो ते, १०० किलोहर्ट्झला ०.२१ मिमी, १ किलोहर्ट्झला २.१ मिमी. आतली तार साधारण ०.९ मिमी जाडीची. म्हणजे १ किलोहर्ट्झला करंट सगळ्या तारेत सारखा पसरलेला असतो आणि तारेच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राचाही इंडक्टन्स मोजला जातो. गोल तारेला तो मीटरमागे ५० नॅनोहेन्री. त्यामुळे खाली एल ३०० च्या घरात असतो, वर जाताना २५० कडे उतरतो. १०० किलोहर्ट्झला तुम्ही अर्ध्या वाटेवर आहात. २८० धरून हिशेब केला की ५४ येतात.

तारायण

टेलिफोनच्या बाजूने लिहितो, कारण हा विषय खरा तिथला आहे. कोॲक्सवाल्यांना ही गंमत वाटते, जोडीवर, म्हणजे टेलिफोनच्या दोन तारांवर, काम करणाऱ्यांचं मात्र रोजचं गणित हेच.

०.५ मिमी तांब्याची जोडी घ्या. किलोमीटरला लूप रोध सुमारे १७५ ओहम, कपॅसिटन्स ५० नॅनोफॅरड, इंडक्टन्स ०.७ मिलिहेन्री. वळणबिंदू येतो ४० किलोहर्ट्झला. म्हणजे आवाजाचा अख्खा पट्टा, ३०० ते ३,४०० हर्ट्झ, वळणाच्या पार खाली. झेड-नॉट असा:

३०० हर्ट्झ: १,३६२ ओहम
१ किलोहर्ट्झ: ७४६ ओहम, कोन −४४°
३,४०० हर्ट्झ: ४०५ ओहम, कोन −४३°
१०० किलोहर्ट्झ: १२० च्या आसपास

एकाच फोनकॉलमध्ये इंपिडन्स तिपटीहून जास्त बदलतो. मग ६०० ओहम आले कुठून? ते खांबांवरच्या उघड्या तारांचे. जाड तांब्याच्या दोन तारा, मध्ये वीत-दीड वीत हवा. रोध कमी, इंडक्टन्स भरपूर, कपॅसिटन्स नगण्य. त्यांचा झेड-नॉट सहाशेच्या घरात असतो, आणि आवाजाच्या पट्ट्यात बऱ्यापैकी स्थिरही. तारा गेल्या, जमिनीखाली केबल आली, पण ६०० हा आकडा उपकरणांवर छापलेला राहिला.

हा जुना आकडा बोलणाऱ्याच्या कानात ऐकू येतो. एक्स्चेंजमधल्या हायब्रिडला, म्हणजे जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करणाऱ्या सर्किटला, समोर ६०० ओहम आहेत असं वाटतं आणि लाइन असते ७४६ ओहम, −४४°. रिटर्न लॉस निघतो फक्त ७.५ डेसिबल. म्हणजे पाठवलेल्या व्होल्टेजचा ४२ टक्के भाग परत फिरतो. स्वतःचाच आवाज कानात मोठा येतो आणि लांबच्या कॉलवर प्रतिध्वनी येतो.

म्हणून युरोपात कॉम्प्लेक्स इंपिडन्स ठरवला: २७० ओहम, त्याच्या सीरिजमध्ये ७५० ओहम आणि १५० नॅनोफॅरड समांतर. तीनच पार्ट. ३०० हर्ट्झला हे जाळं १,००० ओहम दाखवतं, १ किलोहर्ट्झला ८४७, ३,४०० ला ४६४. लाइनची नक्कल पूर्ण नाही, पण उताराची दिशा तीच आणि कोनही ऋणच. याच जोडीसमोर १ किलोहर्ट्झला रिटर्न लॉस १४.७ डेसिबलवर जातो. व्हीओआयपी गेटवेच्या (इंटरनेट फोन साध्या लाइनला जोडणाऱ्या खोक्याच्या) एफएक्सओ पोर्टवर, म्हणजे टेलिफोन लाइन लागते तिथे, प्रतिध्वनीची तक्रार असेल तर आधी इको कॅन्सलरच्या मागे लागू नका. सेटिंगमधला लाइन इंपिडन्स ६०० वरून कॉम्प्लेक्सवर आणून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

धागेदोरे

लाइनमध्ये ठरावीक अंतरावर बसवतात तो लोडिंग कॉइल हा प्रकार यासाठीच का?

तारायण

हो, पण त्याचं मूळ समुद्राखाली आहे. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, १८५४-५५ मध्ये लांब केबलचं गणित मांडलं ते फक्त आर आणि सी धरून. संदेश पोचायचा वेळ लांबीच्या वर्गाने वाढतो, हा त्याचा निष्कर्ष. १८५८ ची अटलांटिक केबल जास्त व्होल्टेज देऊन घाईने चालवायला गेले आणि ती काही आठवड्यांत मेली. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली, तिच्यावर तारा चालायच्या त्या याच नियमाच्या चौकटीत, सावकाश.

एल हिशेबात आणला ब्रिटिश गणिती हेविसाइडने. १८८७ मध्ये त्याने दाखवलं की आर भागिले एल आणि जी भागिले सी हे समान असतील तर लाइन आवाज बिघडवत नाही आणि झेड-नॉट सगळ्या वारंवारतांना एकच राहतो. खऱ्या केबलमध्ये जी इतका कमी असतो की समानता आणायला एल खूप वाढवावा लागतो. ते काम अमेरिकी संशोधक प्यूपिनच्या कॉइलींनी केलं, त्याचं पेटंट १९०० चं.

मोजमाप सांगतो. ८८ मिलिहेन्रीची कॉइल दर १,८३० मीटरला, म्हणजे ६,००० फुटांना. तेवढ्या लांबीत केबलचा कपॅसिटन्स ९१.५ नॅनोफॅरड. झेड-नॉट होतो ९९० ओहमच्या जवळ आणि आवाजाच्या बहुतेक पट्ट्यात जवळपास सपाट. किंमत ही की ३.५ किलोहर्ट्झच्या वर लाइन बंद. म्हणूनच अशा जोडीवर डीएसएल ब्रॉडबँड चालत नाही, एकूण एक कॉइल काढावी लागते. एखादी जरी विसरली तरी मोडेम सिंक घेत नाही.

फीडर

वीजवाहिनीवाल्यांच्या वतीने एक दुरुस्ती. वरची चर्चा वाचून ‘५० हर्ट्झ म्हणजे खालचीच वारंवारता’ असं कुणी गृहीत धरू नये.

४०० केव्हीची ट्विन मूझ लाइन (दर फेजला ‘मूझ’ प्रकारच्या दोन तारा) घ्या. किलोमीटरला रोध ०.०३ ओहम आणि ५० हर्ट्झचा रिॲक्टन्स, म्हणजे ओमेगा-एल, ०.३३ ओहम. वळणबिंदू ४.५ हर्ट्झला! म्हणजे या लाइनसाठी ५० हर्ट्झ ही चांगलीच वरची वारंवारता झाली. झेड-नॉट ३१० ओहमच्या आसपास, कोन जेमतेम −२.६°. आमच्याकडे त्याला सर्ज इंपिडन्स म्हणतात, आणि ४०० केव्हीचा वर्ग भागिले ३१० करून येणारे ५१५ मेगावॉट हे तिचं नैसर्गिक लोडिंग. त्याहून कमी भार असेल तर लाइन कपॅसिटरसारखी वागते, दूरच्या टोकाचं व्होल्टेज चढतं, रात्री रिॲक्टर (मोठे इंडक्टर) चढवावे लागतात.

तेच ५० हर्ट्झ ११ केव्हीच्या १८५ चौ. मिमी ॲल्युमिनियम एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला मात्र खालचे. तिथे रोध रिॲक्टन्सच्या दुप्पट, वळणबिंदू शंभर हर्ट्झच्या आसपास. फक्त ती केबल दोन-चार किलोमीटरची असते, त्यामुळे झेड-नॉट काढून हाती काही लागत नाही. तिथे व्होल्टेज ड्रॉप आणि चार्जिंग करंट पाहिले की झालं.

चंद्रपूर–पडघे ±५०० केव्ही लाइन साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे, १,५०० मेगावॉट नेते आणि तिला नैसर्गिक लोडिंगचा प्रश्नच येत नाही. ती डीसी आहे.

धागेदोरे

मग साध्या मल्टीमीटरने केबल मोजली तर ५० ओहम कधीच का दिसत नाहीत?

निखळ_ओहम

दिसतात, पण १ मायक्रोसेकंदच. आरजी-५८मध्ये लाट मीटरला ५ नॅनोसेकंद घेते. १०० मीटर जाऊन परत यायला १,००० नॅनोसेकंद. तोवर मीटरला दूरचं टोक उघडं आहे की शॉर्ट हे कळलेलंच नसतं, केबल जणू संपतच नाही. परतलेली लाट आली की वाचन बदलायला लागतं, आणि मल्टीमीटरचा आकडा पडद्यावर येईपर्यंत सगळं शांत होऊन गेलेलं असतं.

ऑसिलोस्कोपवर मात्र हे डोळ्यांनी बघता येतं. ५० ओहमच्या जनरेटरमधून १०० किलोहर्ट्झची चौकोनी लाट सोडा, जनरेटरच्या तोंडाशी टी-कनेक्टर लावून तिथेच प्रोब, दुसरं टोक उघडं. व्होल्टेज आधी निम्म्यावर चढतं, १ मायक्रोसेकंद थांबतं, मग पूर्ण वर जातं. आता त्या मधल्या पायरीकडे नीट बघा. ती सपाट नसते, उजवीकडे किंचित चढलेली असते. हाच तो कमी वारंवारतेचा वाढता झेड-नॉट, वेळेच्या भाषेत. दिसणारा इंपिडन्स दर मीटर अंतराला त्या मीटरच्या लूप रोधाइतका वाढतो, म्हणून १०० मीटरच्या शेवटी ५० च्या जागी ५५ दिसतात. टीडीआरवर, म्हणजे केबलमध्ये पल्स सोडून परतलेली लाट दाखवणाऱ्या यंत्रावर, हा चढ पाहून केबल खराब ठरवणारे किंवा पाणी शिरलंय म्हणणारे पुष्कळ आहेत. चढ एकसारखा, सरळ रेषेत असेल तर तो तांब्याचा रोध. पाणी असेल तिथे रेषा खाली वाकते, कारण कपॅसिटन्स वाढतो.

सुरावट

ऑडिओवाल्यांचं काय? बाजारात ८ ओहम झेड-नॉटची स्पीकर वायर म्हणून महाग केबल विकतात.

निखळ_ओहम

पैसे वाचवा. २.५ चौ. मिमीची साधी जुळी वायर घ्या: मीटरला लूप रोध १४ मिलिओहम, इंडक्टन्स ०.६ मायक्रोहेन्री, कपॅसिटन्स ५५ पिकोफॅरड. १ किलोहर्ट्झला झेड-नॉट २०० ओहमच्या वर आणि त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. २० किलोहर्ट्झलाही लाटेची लांबी काही किलोमीटर असते, तुमची वायर १० मीटर. तेवढ्या लांबीत ती केबल म्हणजे ०.१४ ओहम आणि ६ मायक्रोहेन्री, बस. झेड-नॉट ८ वर आणायला कपॅसिटन्स प्रचंड वाढवावा लागतो, आणि तसा कपॅसिटन्स काही ॲम्प्लिफायरना झेपत नाही, ते आंदोलित होतात.

तसंच, लाइन लेव्हलच्या ७५ ओहम कोॲक्सला ॲनालॉग ऑडिओसाठी शेवटी ७५ ओहमचं टर्मिनेशन लावू नका. ऑपॲम्पवर विनाकारण भार येतो आणि जुळणी तर होतच नाही, कारण त्या वारंवारतेला केबल ७५ ओहमची नसतेच. एसपीडीआयएफ, म्हणजे डिजिटल ऑडिओ, असेल तर ते टर्मिनेशन हवंच.

मापनवेडा

हे मोजमाप कुणाला करून बघायचं असेल तर कुठे काळजी घ्यायची? शॉर्टच्या वाचनात माझे क्लिप हलवले की आकडा बदलतो.

तारायण

शॉर्टचं वाचन ५ ओहमचं आहे, क्लिपचा ०.१ ओहम म्हणजे २ टक्के. चार तारांची केल्व्हिन क्लिप वापरा आणि मीटरचं ओपन-शॉर्ट करेक्शन त्याच वारंवारतेला करून घ्या. दूरचं टोक मगर-क्लिपने शॉर्ट करू नका, सोल्डर करा. शॉर्टचं वाचन सीरिज मोडमध्ये, उघड्याचं पॅरलल मोडमध्ये घ्या. आणि कोन सोडू नका, नुसते आकडे गुणून वर्गमूळ काढलंत तर निम्मी माहिती हरवते.

कोॲक्सची गुंडाळी तशीच मोजली तरी चालते, जाणारा-येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र बाहेर पुसतो. पण शिल्ड दुसरीकडे कुठे अर्थला टेकलेली नको. आणि तापमान लिहून ठेवा. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांचं वाचन ४० अंशांशी ताडून बघाल तर रोध ८ टक्के आणि झेड-नॉट ४ टक्के वेगळा दिसेल.

३०५ मीटरचं कॅट-५ई नेटवर्क केबलचं खोकं मोजणार असाल तर १६० किलोहर्ट्झच्या बऱ्याच आधी थांबा. तिथे केबल पाव लाटेची होते, उघडं टोक शॉर्टसारखं दिसायला लागतं आणि छोटी चूक मोठी होते.

धागेदोरे

पुस्तकात म्हटलंय की रिफ्लेक्शन कोइफिशंट, म्हणजे परतणारी लाट भागिले जाणारी लाट, कधीच १ च्या वर जात नाही. −४५° च्या झेड-नॉटलाही हे लागू आहे का?

निखळ_ओहम

नाही. तो नियम झेड-नॉट निव्वळ रोध असतानाचा. −४५° कोन असेल आणि शेवटी झेड-नॉटच्याच आकाराचा शुद्ध इंडक्टिव्ह रिॲक्टन्स लावला तर तो १ + √२, म्हणजे २.४१ पर्यंत जातो. ऊर्जा फुकट निर्माण होत नाही. अशा लाइनवर जाणारी आणि परतणारी पॉवर वेगवेगळी मोजून वजाच करता येत नाही, मध्ये दोन्हींचा मिश्र पद येतो. जुळणी बघायचा नेहमीचा आलेख, म्हणजे स्मिथ चार्ट, इथे बाजूला ठेवा.

सुरावट

प्रत्यक्ष पाच किलोमीटर केबल न आणता टेबलावर टेलिफोन लाइन बनवता येईल का? गेटवे तपासायला हवी आहे.

तारायण

सहज. अर्ध्या किलोमीटरचा एक, असे दहा टप्पे करा. एका टप्प्यात दोन्ही तारांवर कपॅसिटरच्या आधी २२ ओहम आणि नंतर २२ ओहम, म्हणजे चार रोध मिळून ८८. मध्ये दोन्ही तारांच्या आडवा २२ आणि ३.३ नॅनोफॅरड समांतर, मिळून २५.३. एकूण ४० रोध, २० कपॅसिटर. टप्पे जोडताना लागून येणारे दोन २२ एकत्र करून ४३ ओहमचा एकच टाकलात तरी चालेल, मग रोध २२ च लागतात... म्हणजे दोन्ही टोकांना चार २२ चे आणि मध्ये अठरा ४३ चे.

इंडक्टर लागत नाही. ३,४०० हर्ट्झला ओमेगा-एल रोधाच्या ९ टक्क्यांच्या आत असतो, आणि या धाग्याचा सगळा मुद्दा तोच आहे.

कपॅसिटर फिल्मचे घ्या, २५० व्होल्टचे. लाइनवर ४८ व्होल्ट डीसी, त्यावर ७५ व्होल्टची रिंग, शिखर दीडशेच्या वर जातं. एक्स७आर सिरॅमिक अजिबात नको, डीसी व्होल्टेज चढलं की त्याचा कपॅसिटन्स घसरतो आणि रिसीव्हर उचलला की लाइनचा इंपिडन्सच बदलतो. रोध १ टक्क्याचे, पाव वॉटचे पुरतात.

तपासायला १ किलोहर्ट्झला सातच्या थोडे वर डेसिबल नुकसान यायला हवं. एक लक्षात ठेवा, पाच किलोमीटर ही लांबी झेड-नॉट थेट मोजायला अपुरी आहे. दूरचं टोक उघडं सोडलंत तर परतलेली लाट १९ टक्के उरलेली असते. तिकडे ते २७०, ७५० आणि १५० नॅनोफॅरडचं जाळं लावा, मग अलीकडून मोजा.

मापनवेडा

तीच गुंडाळी केल्व्हिन क्लिप लावून, टोक सोल्डर करून पुन्हा मोजली. शॉर्ट ४.९४ ओहम, उघडं १०.०२ नॅनोफॅरड, खोलीत २६ अंश. १ किलोहर्ट्झला झेड-नॉट २८० ओहम, कोन −४४°. क्लिप हलवली तरी आकडा हलत नाही.